थोरल्याला हाक मारली का?

आमच्या ऑफिसला कुलूप लावायचा मान आप्पांचा. मान कसला, हट्टच होता तो. शिक्रापूरला हायवेच्या कडेला टायरच्या दुकानावर दोन खोल्या, तेवढंच आमचं ऑफिस. संध्याकाळी आम्ही सगळे बाहेर पडलो की आप्पा एकटे आत राहायचे. टेबलांखाली वाकून बघायचे, बाथरूमचं दार उघडून बघायचे, कपाटामागं डोकावायचे, आणि मगच लाइट घालवायचे. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "आप्पा, काय हरवलंय का?" तर म्हणाले, "ते बघितल्याबिगर कसं कळायचं?" मी मनात म्हटलं, हे प्रकरण अवघड दिसतंय.

सकाळी याच्या उलट. जो वयानं सगळ्यात मोठा त्यानं आधी आत पाऊल टाकायचं, बाकीच्यांनी मागनं. मोठे म्हणजे बहुतेक आप्पाच, त्यामुळं ते येईपर्यंत आम्ही डबे हातात घेऊन जिन्यात उभे. खालून ट्रकची धूळ, वरून पत्र्याचं ऊन. साहेब, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, ते आप्पांपेक्षा लहान, तेही उभे. एकदा चिडून म्हणाले, "आप्पा, कंपनी माझी आहे हो." आप्पा म्हणाले, "कंपनी तुमचीच हाय साहेब. वय माझं हाय." साहेब हसले नाहीत, पण उभे राहिले.

या नियमाची एकदा चांगलीच गंमत झाली. दौंडचे एक म्हातारे बाबा दुधाच्या टाकीची चौकशी करायला आले होते. गप्पिष्ट माणूस. चहा झाला, परत चहा झाला, ऑफिस सुटायची वेळ झाली. आता बाबा आप्पांपेक्षा मोठे, म्हणजे सगळ्यात शेवटी बाबांनी निघायला पाहिजे. आप्पांनी सरळ कुलूपकिल्ली बाबांच्या हातात ठेवली आणि आमच्याबरोबर खाली येऊन उभे राहिले. वरून बाबांचा आवाज आला, "आरं, मी पाव्हणा हाय का राखणदार?" आप्पा खालून म्हणाले, "आधी समदीकडं बघा बाबा, मग लावा." बाबा पुटपुटत आत गेले आणि जरा वेळानं डोक्यावर टोपी घालून बाहेर आले. त्यांचीच टोपी खुर्चीमागं पडली होती. आप्पा दुसऱ्या दिवशी दिवसभर खुशीत होते.

आप्पाही मूळचे दौंडकडचेच. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं, मग विहीर झाली, ऊस झाला, घर एका जागी बसलं. आप्पा पुण्यात इंजिनियर झाले. एका मोठ्या कंपनीत बरीच वर्षं होते, दोनदा परदेशात जाऊन आले, आणि मग सगळं सोडून शिक्रापूरला आमच्या दोन खोल्यांत येऊन बसले. का, ते कुणाला सांगितलं नाही. इंग्रजी फाडफाड. पण आमच्याशी बोलताना हाय, न्हाई, व्हय. मला आधी वाटायचं, मुद्दाम बोलतात. मी वरवंडची, मला काय ती भाषा नवीन नव्हती, पण मी कॉलेजात जाऊन ती जरा धुवून घेतली होती. आप्पांनी कधीच धुतली नाही. कपाळाला रोज भंडारा, म्हणजे देवाची हळद, तोही चिमूटभर नाही, चांगला बोटभर पट्टा. शर्टाच्या खिशात भंडाऱ्याची पितळी डबी. घाम आला की पट्टा पुसायचा, आप्पा परत लावायचे. मीटिंग चालू असली तरी लावायचे.

आमचं काम दुधाच्या टाक्यांचं. गावोगावी दूध गोळा करायची केंद्रं असतात, तिथं दूध गार करायची मोठी स्टीलची टाकी असते. टाकी दुसरेच लोक बनवतात. तिनं कधी गार करायचं, कधी ढवळायचं, रिकामी झाल्यावर कसं धुवून घ्यायचं, हे तिला सांगणारा प्रोग्रॅम आमचा. प्रत्येक गावची टाकी थोडी वेगळी, पण बरंचसं सारखंच. म्हणून आप्पांनी सगळ्या टाक्यांना लागेल ते एकाच ठिकाणी, एका मूळ क्लासमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ साच्यात, लिहून ठेवलं होतं. नव्या गावची टाकी आली की त्या मूळ क्लासची एक लेक तयार करायची. लेकीला मूळचं सगळं आपोआप मिळतं, आपण फक्त वेगळं असेल तेवढंच लिहायचं.

इथं एक मेख आहे, आणि आप्पांचं सगळं आयुष्य त्या मेखेवर चाललं होतं असं म्हटलं तरी चालेल. मूळ क्लासमध्ये 'धुणे' नावाचं काम आहे. लेकीनं त्याच नावाचं स्वतःचं काम लिहिलं, तर टाकी लेकीचंच ऐकते. मूळचं धुणं बाजूला पडतं. तेही व्हायला हवं असेल, तर लेकीच्या कामात एक ओळ घालून मूळच्याला मुद्दाम हाक मारावी लागते. ती ओळ विसरली तर कुठंही लाल रेघ येत नाही, प्रोग्रॅम मजेत चालतो. मूळचा मात्र घरात बसून राहतो.

आप्पा त्या मूळ क्लासला 'थोरला' म्हणायचे. आणि दिवसातनं कितीतरी वेळा, कुणाच्याही खुर्चीमागं उभं राहून, एकच प्रश्न विचारायचे: "थोरल्याला हाक मारली का?"

नुसती हाक मारून भागायचं नाही. कधी मारली तेही बघायचे. "उघडताना थोरला पुढं, मिटताना थोरला मागं," हा त्यांचा मंत्र. टाकी सुरू करताना आधी थोरल्याला हाक मारायची, तो झाकण बंद आहे का, खालचा कॉक बंद आहे का बघणार, मग आपलं काम. बंद करताना, धुताना आधी आपलं आवरायचं आणि शेवटी थोरल्याला बोलवायचं, म्हणजे शेवटचं पाणी तो फिरवणार आणि मागं काही राहिलं नाही ना ते बघणार. आमच्यातल्या एका शहाण्यानं वरवंडच्या टाकीत आधी आपली ढवळणी सुरू केली आणि मग थोरल्याला हाक मारली. झाकण उघडं होतं. केंद्राचे सेक्रेटरी पांढरा शर्ट घालून आत वाकून बघत होते. पुढचं सांगायला नको. ते सेक्रेटरी माझ्या मामांचे व्याही, त्यामुळं नंतरच्या प्रत्येक लग्नात ते दूध माझ्याच अंगावर आलं.

आप्पांची कोड तपासायची पद्धत म्हणजे आम्हाला शिक्षा होती. स्क्रीन आपल्याकडं फिरवायचे आणि मोठ्यानं गोष्ट सांगितल्यासारखं वाचायचे. "ही बया सकाळी उठली. थोरल्याला हाक न्हाई, का राम राम न्हाई. सरळ कॉम्प्रेसर लावला. कुणाच्या घरची हाय ही?" सगळं ऑफिस हसायचं. ज्याचं कोड असायचं तो खाली मान घालून ती एक ओळ टाकायचा. माझं वाचलं तेव्हा मी मान खाली घातली नाही. म्हटलं, "आप्पा, माझ्या घरची आहे. आणि आमच्या घरी लेकींना अक्कल असते." तेव्हापासून त्यांनी मला जरा जवळ केलं आणि माझं कोड दुप्पट वाचायला लागले.

हा नियम आला कुठून, ते एकदा चहा पिता पिता कळलं. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे तेव्हा नव्या रानात उतरताना आधी आजोबा आत जायचे. काठी रोवायचे, काटाकुटा, साप-किरडू बघायचे, मग बाकीचं बिऱ्हाड. निघताना सगळ्यांनी पुढं व्हायचं आणि आजोबांनी मागं राहायचं. चुलीवर पाणी ओतायचं आणि सगळं रान एकदा फिरून बघायचं, कोकरू-बिकरू राहिलंय का. "एकदा कोकरू न्हवतं," आप्पा म्हणाले, "मी व्हतो. घोड्यावरच्या गोधड्यांतनं घसरून बाभळीखाली झोपलो व्हतो. आईला वाटलं चुलतीकडं हाय, चुलतीला वाटलं आईकडं हाय. आज्यानं बघितलं म्हणून हाय मी." हे त्यांनी हसत सांगितलं. त्यानंतर मी त्यांच्या टेबलाखाली वाकण्याला कधी हसले नाही.

पण एक गोष्ट मला खटकायची आणि ती मी बोलून दाखवायची. थोरल्याला कुणी हात लावायचा नाही. त्या फाइलच्या डोक्यावर आप्पांनी मराठीत ओळ लिहून ठेवली होती: 'इथं हात लावायच्या आधी मला बोलवा.' आणि बोलवलं तर ते हात लावू द्यायचे नाहीत. थोरल्याच्या धुण्यात शेवटचं साधं पाणी घड्याळावर फिरायचं. धुण्याचा सोडा घालून टाकी घासली, की पंप ठरलेला वेळ साधं पाणी मारणार, संपलं. मी मांडवगण फराट्याच्या टाकीचं काम करत होते तेव्हा विचारलं, "आप्पा, वेळ कशाला बघायची? पाणी बघू ना. बाहेर येणाऱ्या पाण्यात सोडा उरलाय का ते कॉकवरच्या सेन्सरनं बघून थांबवू."

"इतकी वर्सं चाललंय त्ये."

"चाललंय म्हणजे बरोबरच आहे असं थोडंच आहे?"

"तू तुझ्या पायपाचं बघ," ते म्हणाले. "थोरल्याला शिकवू नको."

मांडवगणच्या टाकीला एक जादा पाइप होता, त्याचं धुणं मला लिहायचं होतं. मी धुसफुसत ते लिहिलं आणि शेवटी, नियमाप्रमाणे, थोरल्याला हाक मारली. आप्पांनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "गुणाची हाय." मला राग आला होता, तरी बरं वाटलं. त्यांच्या तोंडून एवढंही कधी यायचं नाही.

आणखी एक सवय सांगायची राहिली, पुढचं सगळं तिच्यावरच आहे. टाकी धुवून झाली की खालच्या कॉकमधून शेवटचं पाणी बाहेर येतं. आप्पा कुठल्याही केंद्रावर गेले, की ओंजळीत ते शेवटचं पाणी धरून खसाखसा तोंड धुवायचे. लोकांना गंमत वाटायची. आप्पा म्हणायचे, "लोकांच्या लेकरांच्या पोटात जायाचंय. आपल्या तोंडाला लावाया काय झालं?" मांडवगणची टाकी बसवली त्या सकाळीही त्यांनी असंच तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं आणि चहा मागितला.

उन्हाळ्यात मांडवगणच्या केंद्राच्या चेअरमनचा फोन आला. त्यांच्या केंद्राचं दूध डेअरीनं परत पाठवलं होतं, लागोपाठ दोनदा. दुधात सोडा सापडला म्हणून. दूध फाटू नये म्हणून काही लोक दुधात सोडा घालतात, हे सगळ्यांना माहीत असतं. चेअरमननी विचारलं, मशीनमध्ये काही आहे का? साहेबांनी जागच्या जागी सांगून टाकलं, मशीनचा काही प्रश्न नाही, तुमच्याकडंच कुणीतरी घालत असेल. मग आम्हाला दोघांना पाठवलं. "जाऊन या, बघितल्यासारखं करा, त्यांचं समाधान होईल."

आप्पांच्या स्कूटरवर मागं बसून मी गेले. ऊन डोक्यावरनं उतरलं होतं. केंद्राच्या पायरीवर एक बाई दुधाची किटली मांडीजवळ घेऊन बसली होती, किटलीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. ती यमुनामावशी. चेअरमननी आम्हाला आत घेऊन सांगितलं, "तिच्यावर संशय हाय. नदीच्या कडंला वस्ती, सगळ्यात लांबून येती, सगळ्यात शेवटी येती, आन् एवढ्या उन्हात दूध कधी फाटत न्हाई. आम्ही तिचं दूध बंद केलंय." मी विचारलं, मग ती इथं का बसलीय? चेअरमन म्हणाले, "रोज आणती. आम्ही घेत न्हाई. परत नेती."

मावशीनं ते बाहेरून ऐकलं होतं. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. "आणणारच," म्हणाली. "आणायचं थांबले तर लोक म्हणतील, बघा, चोरी पचली न्हाई." तिच्या दोन म्हशींवर तिचं घर चाललं होतं, हे चेअरमननीच मला नंतर सांगितलं. पण तिला दुधापेक्षा त्या शब्दाचं जास्त लागलं होतं, ते तिच्या तोंडाकडं बघून कळत होतं.

टँकर नुकताच दूध घेऊन गेला होता. उन्हाळा लागल्यापासून तो सकाळऐवजी दुपारनंतर यायला लागला होता, त्यामुळं टाकी आता संध्याकाळच्या दुधाआधी धुतली जायची. आम्ही उभे होतो तेव्हा धुणं चाललंच होतं. बाहेर किटल्या घेऊन लोक जमत होते. शेतातल्या मोटरी सुरू झाल्या होत्या आणि केंद्रातला बल्ब पिवळा पडला होता. पंपाचा आवाज मला जरा जड वाटला. पण गावात संध्याकाळी सगळंच जड चालतं, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

पंप थांबला. कॉकमधून शेवटचं पाणी यायला लागलं. आप्पांनी सवयीप्रमाणं चष्मा काढून माझ्याकडं दिला, ओंजळ धरली आणि खसाखसा तोंड धुतलं.

रांगेतलं कुणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले. आप्पांच्या कपाळावरचा पिवळा पट्टा लाल झाला होता, अगदी कुंकवासारखा. "आप्पा, मळवट भरला व्हय?" कुणी म्हणालं. आप्पा डोळे चोळत होते, डोळ्यांत चुरचुरत होतं. त्यांनी कपाळाला बोट लावून बोटाकडं बघितलं. मग ते बोट अंगठ्यावर चोळलं. बुळबुळीत लागलं असणार, कारण त्यांनी ते परत चोळलं.

हळदीला सोडा लागला की ती लाल होते. कुंकू तसंच करतात. आप्पांना ते सांगायला कुणी लागत नव्हतं. तरी त्यांनी खिशातली डबी काढली, एका तळहातावर चिमूट घेऊन त्यावर नळाचं पाणी घातलं. पिवळं राहिलं. दुसऱ्या तळहातावर तशीच चिमूट घेऊन टाकीचं पाणी घातलं. लाल झालं. दोन्ही तळहात पुढं धरून ते उभे राहिले. लोक हसायचे थांबले.

मला सगळं एका क्षणात उमगलं. शेतातल्या मोटरींमुळं विजेचा दाब कमी झाला होता, पंप हळू चालला होता, पाणी कमी येत होतं, आणि थोरला घड्याळ बघून थांबला होता. आमच्या शिक्रापूरच्या लाइनला विजेचा दाब कधी कमी होत नाही, तिथं बसून आप्पांनी ती वेळ ठरवली होती. मी तेव्हा विचारलं होतं, ते मला आठवलं. त्यांनाही आठवलं असणार. ते माझ्याकडं बघत नव्हते.

आप्पांनी जाऊन टाकीचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. "दूध वतायचं न्हाई."

रांगेत गलका झाला. किटल्या भरलेल्या, ऊन अजून तापलेलं, लोक वाट किती बघणार? चेअरमननी साहेबांना फोन लावला आणि स्पीकर मोठा केला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या टाकीत नवीन पाइपचं काम पोरीनं केलंय ना? तिचीच चूक असणार. आप्पा, एक करा. त्या टाकीपुरतं बदला. तिथं तुमच्या मूळ धुण्याला हाकच मारू नका, वेगळं लिहून टाका आणि निघा. गावात बोलत बसू नका."

मी फोनकडं सरकले. काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "साहेब, पोरीनं हाक मारली. वेळंवर मारली, जशी मारायची तशी मारली. हाकंला जे धावून आलं, त्ये माझं हाय."



"आन् हिनं मला इचारलं व्हतं," आप्पा पुढं म्हणाले. "मी ऐकलं न्हाई. ही एकच टाकी न्हाई साहेब. समद्या गावांच्या टाक्या त्यालाच हाक मारत्यात."

"बाकीच्या गावांतून तक्रार नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही उगाच वाढवू नका. विचार करा, तुमच्याच नोकरीचा प्रश्न येईल."

"तक्रार न्हाई म्हंजी तिथं बी कुणाचं तरी दूध बंद केलं असंल," आप्पा म्हणाले, आणि चेअरमनच्या हातातला फोन त्यांनीच बंद केला.

मग सगळ्यांनी मिळून टाकी हातानं धुतली. रांगेतले लोक बादल्या घेऊन आले, मी चपला काढून पाणी ओढलं. दर खेपेला आप्पा कपाळाला भंडारा लावायचे आणि बाहेर येणाऱ्या पाण्यानं तोंड धुवायचे. लाल. परत बादल्या. परत भंडारा. नारिंगी. त्यांचे डोळे तांबडेलाल झाले होते. मी म्हटलं, "आप्पा, आता हातावर बघा ना." ते म्हणाले, "ह्याच हातानं त्ये धुणं लिवलं व्हतं, हाताचं काय खरं हाय." शेवटी एकदा पट्टा पुसट झाला, पण पिवळा राहिला. तेव्हा त्यांनी झाकण उघडलं.

चेअरमन यमुनामावशीकडं गेले. "मावशी, उठा. पयलं तुमचं वता."

मावशी बसून राहिली. "आधी बोला. मग वतते."

"काय बोलू?"

"बंद म्हणाला त्या दिवशी समद्यांसमोर म्हणाला व्हता. आज बी समदी हायती."

चेअरमननी रांगेकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. मग मोठ्यानं म्हणाले, "सोडा मशीनचा व्हता. यमुनामावशीचं दूध चोख हाय. आमचं चुकलं." मावशीनं गोणपाट सोडलं, किटली उचलली आणि दूध ओतलं. आप्पा टाकीमागं जाऊन तोंड पुसत होते. डोळे सोड्यानं चुरचुरत होते की आणखी कशानं, ते मी विचारलं नाही.

त्याच पायरीवर बसून आप्पांनी एकेका केंद्राला फोन लावला. प्रत्येकाला तेच सांगितलं: "आजपासनं टाकी हातानं धुवा, मी येईपत्तूर. प्रोग्रॅमात चूक हाय. चूक माझी हाय." दोन गावांत खरंच कुणाचं तरी दूध बंद केलेलं निघालं. एकानं त्यांना शिव्या दिल्या. आप्पांनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या.

परत येताना मी स्कूटरवर मागनं ओरडून विचारलं, "आप्पा, मग त्या थोरल्याला हाक मारायचीच कशाला? जिनं तिनं आपापलं धुवावं." ते म्हणाले, "थोरला चुकला म्हणून हाक सोडली, तर समद्या जणी येगयेगळ्या चुकतील. कुणाकुणाला शोधशील? थोरला नीट केला की समद्या एकदम नीट व्हत्यात. पर आधी थोरल्यानं कबूल व्हाया पायजे."

त्यांनी थोरल्याचं धुणं बदललं. आता पाणी घड्याळावर थांबत नव्हतं, बाहेर येणाऱ्या पाण्यातला सोडा संपेपर्यंत फिरत होतं. तो बदल त्यांनी मला लिहायला लावला आणि स्वतः मागं उभे राहिले, एकदाही माऊसला हात लावला नाही. फाइलच्या डोक्यावरची 'हात लावायच्या आधी मला बोलवा' ही ओळ त्यांनी स्वतः पुसली. मग आम्ही गावोगाव फिरलो. प्रत्येक टाकी संध्याकाळच्या लाइटवरच धुवायला लावली आणि प्रत्येक ठिकाणी आप्पांनी तोंड धुतलं. काही केंद्रांनी आमचं काम सोडलं. साहेबांनी सगळं काम पुरं होऊ दिलं आणि मग आप्पांना सांगितलं, या महिन्यानंतर येऊ नका. मी साहेबांशी भांडले, अगदी घसा बसेपर्यंत. आप्पांनीच मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "त्यांचं बरोबर न्हाई. पर मला ठावं व्हतं काय व्हनार हाय. ठावं असून केलं, आता रडायचं कशाला?"

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे बाहेर पडले. मी खाली जाऊन थांबणार होते, नेहमीसारखी. आप्पांनी कुलूपकिल्ली माझ्या हातात ठेवली.

"आज तू मागनं ये."

"मी लहान आहे, आप्पा. नियम तुमचाच आहे."

"नियम वयाचा न्हवता," ते म्हणाले. "ज्याच्यावर समद्यांची हाक येती, त्याचा व्हता." आणि जिना उतरून गेले. मागं वळून बघितलं नाही. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि हायवेच्या आवाजात मिसळून गेला.

मी एकटी राहिले. टेबलांखाली वाकून बघितलं. बाथरूमचं दार उघडून बघितलं. कपाटामागं डोकावले. शेवटी माझ्याच टेबलाशी आले तर कीबोर्डच्या मागं ती पितळी डबी होती. मी धावत जिन्यात आले, मग तिथंच फोन लावला. "आप्पा, तुमची डबी राहिली."

"माझं काय ऱ्हायलं न्हाई," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मांडवगणला गेले. संध्याकाळ झाली होती, बल्ब पिवळा पडला होता, पंप जड आवाजात चालला होता. या वेळी तो बराच वेळ चालला. रांगेत यमुनामावशी होती, सगळ्यात शेवटी, किटलीला ओलं गोणपाट. पंप थांबल्यावर मी डबी उघडली, चांगला बोटभर पट्टा कपाळाला ओढला, ओंजळ धरली आणि खसाखसा तोंड धुतलं. रांगेत कुणी हसलं नाही. मी वर बघितलं. डोळ्यांत चुरचुरत नव्हतं, पण मला आरशाशिवाय काय कळणार?

"मावशी," मी म्हटलं, "कसं आहे?"

मावशी रांग सोडून पुढं आली, माझी हनुवटी धरून तिनं माझं कपाळ उजेडाकडं वळवलं, आणि नीट बघून म्हणाली, "पिवळं हाय, बाई. वता म्हणावं."